चार मालक, एक बंदी: टंबलरचं प्रकरण

मे २०१३ मध्ये याहूने टंबलर ही ब्लॉग लिहिण्याची आणि एकमेकांचं पुढे पाठवण्याची साइट १.१ अब्ज डॉलरना घेतली. तेव्हाच्या दराने जवळपास ६,००० कोटी रुपये. ऑगस्ट २०१९ मध्ये ते पुन्हा विकलं गेलं तेव्हा किंमत जाहीर झाली नाही, पण अमेरिकी बातमीदारांनी छापलेला आकडा ३० लाख डॉलरच्याही खालचा होता. म्हणजे वीस-एकवीस कोटी. मलबार हिलवर समुद्राकडे तोंड असलेला मोठा फ्लॅट बघायला गेलात, तर एवढ्यात भागेलच असं नाही.

ही घसरण कशामुळे, असं विचारलं की बहुतेक जण एका वाक्यात मोकळे होतात: ‘पॉर्न बंद केलं, लोक गेले.’ हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. बंदी डिसेंबर २०१८ ची. टंबलरची निम्म्याहून जास्त किंमत त्याआधीच कागदावर पुसली गेली होती. आणि बंदीनंतरही जे राहिले, त्यांचा जीव त्या जागेत आणखीच गुंतला. बाजारातली किंमत आणि लोकांना वाटणारी ओढ यांची इतकी फारकत क्वचितच दिसते, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे.

तिथे लोक काय करत होते

टंबलरवर एखादी गोष्ट कशी फिरते हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. समजा, कोणी पावसात छत्रीखाली उभ्या असलेल्या मांजराचं चित्र टाकलं. दुसऱ्याला ते आवडलं, त्याने ते रिब्लॉग केलं, म्हणजे आपल्या ब्लॉगवर पुन्हा टाकलं, आणि खाली एक ओळ जोडली: ‘हा नक्की विमा एजंट असणार.’ तिसऱ्याने तो धागा पकडून मांजर आणि गिऱ्हाईक यांचा संवाद लिहिला. चौथी चित्रकार निघाली, तिने त्या संवादाचं कॉमिक काढलं. मूळ चित्र वर तसंच राहतं, आणि त्याच्याखाली एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांची गोष्ट वाढत जाते. भजनात एकाने ओळ म्हणावी आणि बाकीच्यांनी उचलावी, तसा प्रकार.

त्यातही टॅगची गंमत वेगळी. टॅग खरं तर शोधायला सोपं जावं म्हणून असतात. इथे लोक टॅगमध्ये चक्क मनातलं लिहितात, लांब लांब वाक्यं. कारण टॅग रिब्लॉगबरोबर पुढे जात नाहीत. खाली ओळ जोडणं म्हणजे चारचौघांत बोलणं आणि टॅगमध्ये लिहिणं म्हणजे शेजारी बसलेल्याच्या कानात कुजबुजणं. हा भेद कुठल्याही मालकाने ठरवला नव्हता. वापरणाऱ्यांनीच तो रूढ केला.

कोणाचे किती फॉलोअर हे बाहेरून दिसत नाही. खरं नाव लागत नाही. त्यामुळे तिथे जमलेली मंडळीही तशीच: मालिका-कादंबऱ्यांची वेडी पोरं, होतकरू चित्रकार, आपल्या शरीराबद्दल किंवा लैंगिकतेबद्दल घरात तोंड उघडू न शकणारे तरुण. आपल्याकडे कलम ३७७ बद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. त्याआधीची कितीतरी वर्षं, नाव न सांगता बोलता येईल अशा जागेचं मोल काय असेल हे वेगळं सांगायला नको. आणि हो, उघडंवाघडं बरंच होतं. त्यात धंदेवाईकांचा कचरा होता, तसंच स्वतःची छायाचित्रं, स्वतःची चित्रं, स्वतःचं लेखन टाकणारेही होते. बाहेरच्याला दोन्ही एकच दिसत. आतल्याला तसं वाटत नसे.

पहिला मालक आणि दुसरा

डेव्हिड कार्पने फेब्रुवारी २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टंबलर सुरू केलं तेव्हा तो २० वर्षांचा होता, शाळा अर्धवट सोडलेला. सोबत मार्को आर्मेंट हा प्रोग्रॅमर. जाहिरातींचा विषय निघाला की आपल्याला पोटात ढवळतं, अशा अर्थाचं कार्प २०१० मध्ये उघडपणे बोलला होता. वापरणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटे. पण सर्व्हरचं बिल कोणीतरी भरायचं असतंच, आणि ते तोवर गुंतवणूकदार भरत होते.

याहूचं नाव आलं तसे लोक धास्तावले, कारण लोकांना स्वतःची वेबपानं बांधू देणारं जिओसिटीज कोणी विसरलं नव्हतं. याहूने ते १९९९ मध्ये घेतलं आणि २००९ मध्ये गुंडाळलं. लोकांनी हाताने बांधलेली लाखो पानं सोबत गेली. म्हणूनच याहूच्या तेव्हाच्या प्रमुख मारिसा मेयर यांना टंबलर घेतल्याच्या दिवशीच शब्द द्यावा लागला की आम्ही याची वाट लावणार नाही. विकत घेणाऱ्याला पहिल्याच वाक्यात असं म्हणावं लागतं, यातच बरंच काही आलं.

दोन महिन्यांतच, जुलै २०१३ मध्ये, प्रौढ म्हणून खूण केलेले ब्लॉग शोधातून गायब होऊ लागले. मोबाइल ॲपमध्ये ‘गे’, ‘लेस्बियन’ असे टॅग शोधले तर काहीच येईना. कारण सरळ होतं: त्या टॅगखाली अश्लील मजकूरही येई, म्हणून अख्खा टॅगच झाकला. ओरड झाली, खुलासे झाले, काही गोष्टी मागे घेतल्या गेल्या. पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा पुन्हा दिसणारी खोड इथेच दिसली. अडचण एका पोस्टची असते, आणि उपाय अख्ख्या वस्तीवर होतो.

जाहिरातींतून अपेक्षित पैसा आला नाही. २०१६ च्या सुरुवातीला याहूने टंबलरची किंमत हिशेबातून २३ कोटी डॉलरनी कमी केली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी ४८.२ कोटींनी. एकूण ७१ कोटींच्या वर. तेव्हा बंदीचा पत्ताही नव्हता.

न केलेली साफसफाई

माझ्या मते मुख्य दोष याच काळातला आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

मॉडरेशन, म्हणजे मजकुरावरची देखरेख, म्हटलं की आपल्याला काढून टाकलेली पोस्ट आठवते. खरं काम त्याआधीचं असतं: तक्रार आली तर ती बघणारा माणूस असणं, यंत्राने चालवलेली खोटी खाती रोज झाडून काढणं, प्रौढ मजकुरावर नीट खुणा करण्याची सोय देणं, लहान मुलांच्या शोषणाचा मजकूर शोधायला वेगळी, अनुभवी माणसं बसवणं. या कामाचे फोटो निघत नाहीत आणि नफ्यातोट्याच्या पत्रकात ते फक्त खर्चाच्या बाजूला दिसतं. नाला तुंबेपर्यंत नगरपालिकेला आठवत नाही, तसंच.

टंबलरने काहीच केलं नाही असं नाही. स्वतःला इजा करण्याला किंवा उपाशी राहण्याला उत्तेजन देणाऱ्या ब्लॉगविरुद्ध २०१२ मध्ये नियम आला. २०१७ मध्ये प्रौढ मजकूर झाकणारा सेफ मोड आला. पण पॉर्नची जाहिरात करणाऱ्या यंत्रचालित खात्यांचा सुळसुळाट कमी झाला नाही. मार्च २०१८ मध्ये इंडोनेशियाने अश्लीलतेचं कारण देऊन टंबलर अडवलं, ती घंटा पुरेशी मोठी होती.

तोवर मालक पुन्हा बदलला होता. जून २०१७ मध्ये व्हेरायझन या अमेरिकी टेलिफोन कंपनीने याहूचा धंदा सुमारे ४.५ अब्ज डॉलरना घेतला आणि टंबलर त्या गाठोड्यातून आलं. व्हेरायझनकडे आधीच असलेली एओएल ही इंटरनेट कंपनी आणि याहू एकत्र करून ‘ओथ’ नावाची कंपनी झाली. टेलिफोन कंपनीला हवे होते जाहिरातदार. कार्प त्याच वर्षाच्या शेवटी बाहेर पडला. म्हणजे ज्या वेळी कठीण निर्णय घ्यायचे होते, त्या वेळी ही जागा मनापासून वापरलेला माणूस वरच्या खुर्चीत उरला नव्हता.

दोन आठवड्यांची नोटीस

१६ नोव्हेंबर २०१८ ला टंबलरचं ॲप ॲपलच्या स्टोअरमधून नाहीसं झालं. कारण गंभीर होतं: मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं गाळणीतून निसटली होती. कंपनीचं म्हणणं असं की वर चढणारं प्रत्येक चित्र ज्ञात गुन्हेगारी चित्रांच्या सामायिक यादीशी ताडून पाहिलं जातं. जी सापडली ती त्या यादीत अजून आलेलीच नव्हती.

३ डिसेंबरला घोषणा आली: १७ डिसेंबरपासून सर्व प्रौढ मजकूर बंद. वर मथळा होता, अधिक चांगलं, अधिक सकारात्मक टंबलर. सही मुख्य अधिकारी जेफ डी’ओनोफ्रियो यांची. त्यांनी त्यातच म्हटलं होतं की मुलांच्या शोषणाच्या मजकुराचा प्रश्न वेगळा आणि हा निर्णय वेगळा, दोन्हींची गल्लत करू नका. बंदीची तयारी ॲपलच्या कारवाईच्या आधीपासून चालू होती, असंही नंतर बातम्यांत आलं. वापरणाऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

नियमाचा मसुदा वाचण्यासारखा आहे. उघड्या जननेंद्रियांबरोबर ‘स्त्रीची वाटणारी स्तनाग्रं’ निषिद्ध ठरली. हा शब्दप्रयोग वकिलांच्या खोलीत सुचला असावा; टंबलरवर तो पहिल्याच दिवशी विनोद झाला. त्याच मसुद्यात सवलतीही होत्या: स्तनपान, बाळंतपण, कर्करोगानंतरची किंवा लिंगबदलाची शस्त्रक्रिया, पुतळे आणि चित्रं, बातमीमूल्य असलेली नग्नता, शृंगारिक लेखन. कागदावर वाचलं तर नियम फार अडाणी नव्हता.

पण नियम राबवायला बसवलं होतं यंत्र. लोकांनी सकाळी डॅशबोर्ड, म्हणजे लॉग इन केल्यावरचं मुख्य पान, उघडला तर आपल्याच जुन्या पोस्टवर लाल पट्टी. निरुपद्रवी कार्टून, कपडे घातलेली माणसं, शिल्पं, काहीही. ज्या गोष्टींना मसुद्याने नावानिशी सूट दिली होती, त्याच यंत्राला ओळखता येईनात. दाद मागायची सोय होती, पण एकेका पोस्टसाठी. दहा वर्षांचं काम ज्याचं, त्याने काय करावं? १७ तारखेला अनेकांनी ठरवून एक दिवस लॉग आउट केलं. आणि यंत्रचालित पॉर्नची खाती? ती नव्या नावाने पुन्हा उगवली, कारण त्यांना गमावण्यासारखं काही नव्हतंच. सुटले ते उपरे आणि सापडले ते घरचे.

(आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवे सेक्रेटरी आले आणि ‘फक्त कामाचं बोला’ असा हुकूम निघाला. सुप्रभातचे गुलाब थांबावेत ही त्यांची इच्छा रास्त होती. गुलाब आठवड्यात परत आले. पाणी किती वाजता येणार हे सांगणाऱ्या काकू मात्र कायमच्या गप्प झाल्या.)

सिमिलरवेबच्या मोजणीनुसार डिसेंबर २०१८ मध्ये टंबलरला जगभरातून ५२.१ कोटी भेटी होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये ३७ कोटी. दोन महिन्यांत जवळपास तीस टक्के. हे सगळे नग्न चित्रं बघायला येणारे होते, असा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. साखळीतून चित्रकार गेली की कॉमिक थांबतं, मग संवाद लिहिणाऱ्याला कंटाळा येतो, मग मांजराचा फोटो टाकणाऱ्याला प्रतिसाद मिळत नाही. यातल्या तिघांनी एकही आक्षेपार्ह पोस्ट टाकलेली नसेल. आणि ज्यांचं काहीच गेलं नाही, त्यांनाही एक गोष्ट कळली: आपण इथे राहतो ते कोणाच्या तरी मर्जीवर, आणि मर्जी फिरली तर हातात दोन आठवडे मिळतात.

बंदीच्याच महिन्यात, ११ डिसेंबर २०१८ ला, व्हेरायझनने ओथच्या किमतीतून ४.६ अब्ज डॉलर वजा केल्याचं जाहीर केलं. टंबलरचं भांडण त्या आकड्यात कुठल्या कुठे बुडून गेलं. एवढ्या मोठ्या घरात ही अडगळीची खोली होती.

गेलेले लोक एका ठिकाणी गेले नाहीत. कोणी ट्विटरवर गेलं, कारण तिथे प्रौढ मजकूर चालत होता. कोणी डिस्कॉर्डवर, कोणी मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या, पण एका मालकाच्या नसलेल्या जाळ्यावर, कोणी पिलोफोर्टसारख्या छोट्या जागी. आपल्याकडेही नोव्हेंबर २०१९ मध्ये असंच झालं होतं. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, त्यावरून चिडून बरेच भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. थोड्या दिवसांत बहुतेक जण परतले, कारण राग सगळ्यांचा एक असला तरी गप्पांचा कट्टा जुन्याच जागी होता. टंबलरवाल्यांचा तर कट्टाच मोडला होता, त्यामुळे त्यांना परतायचंही काही कारण नव्हतं.

चौथा मालक

ऑगस्ट २०१९ मध्ये ऑटोमॅटिकने टंबलर घेतलं. (वर्डप्रेस डॉट कॉमवाली कंपनी. देवनागरीत नाव अगदी ‘आपोआप’ वाटतं. इंग्रजीत त्यात मालक मॅट मलनवेग यांचं पहिलं नाव लपवलेलं आहे.) सोबत सुमारे २०० कर्मचारी आले. पॉर्नहबनेही आधी रस दाखवला होता, हे ऐकून टंबलरवर जी मजा उडाली ती वेगळीच.

लोकांना वाटलं, आता बंदी उठेल. उठली नाही. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, मलनवेग यांनी का उठत नाही ते जाहीर लिहिलं, आणि या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात प्रामाणिक कागद मला तोच वाटतो. सार असं: मला स्वतःला जुना मोकळेपणा पटतो, पण क्रेडिट कार्डवाल्या कंपन्या पॉर्नला फटकून आहेत, ॲप स्टोअरला ते चालत नाही, आणि चित्रातल्या माणसाचं वय काय, त्याची संमती होती का, हे तपासणं अतोनात खर्चाचं आहे. म्हणजे मालक चार झाले तरी त्यांच्या वर आणखी मालक होते, ज्यांना कोणी निवडलं नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये ॲपलच्या अटी पाळण्यासाठी आयफोनच्या ॲपमध्ये शेकडो टॅग झाकले गेले, त्यात पुन्हा निरुपद्रवी शब्द सापडले. २०१३ ची खोड, नवा मालक.

मात्र काही गोष्टी खरंच सुधारल्या. २०१८ ची बंदी समलिंगी आणि ट्रान्स वापरकर्त्यांवर जास्त पडली, या तक्रारीवर न्यूयॉर्क शहराच्या मानवाधिकार आयोगाशी फेब्रुवारी २०२२ मध्ये समझोता झाला. त्याच सप्टेंबरमध्ये कम्युनिटी लेबल आली: ज्याची पोस्ट त्यानेच खूण करायची, लैंगिक विषय, हिंसा, व्यसन, ज्याला नको त्याला दिसणार नाही. नोव्हेंबरमध्ये साधी नग्नता पुन्हा चालू झाली, उघड संभोगाचं चित्रण तेवढं बंद राहिलं.

या लेबलात तंत्राचं काहीही अवघड नव्हतं. हे २०१३ मध्ये करता आलं असतं, याहूच्या पैशात सहज. इतर सगळं माफ करता येईल, एवढी गोष्ट मला करता येत नाही.

शेजाऱ्याकडे आग

२७ ऑक्टोबर २०२२ ला ४४ अब्ज डॉलरचा सौदा पुरा करून इलॉन मस्क ट्विटरचे मालक झाले. आठवड्याभरात निम्मे कर्मचारी घरी गेले, आणि इतके दिवस ओळखीची खात्री म्हणून मिळणारी निळी खूण महिना ८ डॉलरना विकायला निघाली. टंबलरने काय केलं? एक नाही, दोन निळ्या खुणा, ७.९९ डॉलरना, आणि त्यांचा काहीही उपयोग नाही असं सांगून. लोकांनी हसत हसत घेतल्या, काहींनी नावापुढे खुणांची रांग लावली.

त्याच नोव्हेंबरमध्ये एका बुटाच्या चिठ्ठीवर छापलेल्या शब्दांवरून टंबलरवाल्यांनी १९७३ सालचा, कधी निघालाच नव्हता असा एक चित्रपट मिळून रचला. पोस्टर, पात्रं, शेवटचा प्रसंग, त्यावरची गंभीर समीक्षा, सगळं. मांजराच्या छत्रीचीच ती गोष्ट, फक्त हजारो हातांनी लिहिलेली. साखळी जिवंत होती. कंपनीच्याच सांगण्यानुसार या सुमारास वापरणाऱ्यांत जवळजवळ निम्मे जेन-झीचे होते. कोणी आपल्याला विकत घेण्याच्या लायकीचं समजत नाही, याचीच त्या जागेला एक ऐट चढली होती.

ऐट बिल भरत नाही. जुलै २०२३ मध्ये कळलं की टंबलर कमाईपेक्षा वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर जास्त खर्च करतं. यावर वापरणाऱ्यांनी २९ जुलैला खेकडा दिन साजरा केला: पैसे देऊन एकमेकांच्या डॅशबोर्डवर नाचणारे खेकडे सोडायचे, जागा वाचवायला म्हणून. ज्यांना दहा वर्षं जाहिरात पाहवत नव्हती, ते खेकड्याला पैसे मोजत होते. तरीही नोव्हेंबरमध्ये बहुतेक चमू दुसऱ्या कामाला हलवण्याचं ठरलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका ट्रान्स वापरकर्तीचं खातं बंद झालं, आणि त्यावर मलनवेग स्वतः दिवसेंदिवस टंबलरवर येऊन लोकांशी वाद घालत बसले. कंपनीतल्या ट्रान्स कर्मचाऱ्यांना वेगळं निवेदन काढून त्यांच्याशी असहमती नोंदवावी लागली. व्हेरायझनचा मालक कोण हे टंबलरवर कोणाला ठाऊक नव्हतं. हा मालक रात्री जिन्यात उभा राहून भाडेकरूंशी भांडत होता. यातलं कोणतं वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी बातमी फुटली की टंबलरवरचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना द्यायची बोलणी चालू आहेत. कंपनीने नकार देण्याचं बटण दिलं. ते आपण होऊन शोधून दाबावं लागतं, आणि प्रत्येक ब्लॉगसाठी वेगळं. ज्याचे सात ब्लॉग, त्याने सात वेळा.